आक्काच्या हातांचे इंग्रजी

चहाचा कप माझ्या हातात होता. चिनी मातीचा, सोनेरी काठाचा. समोर मालक बसले होते. शेजारी परदेशी वाहिनीची दिग्दर्शिका, तिच्या पलीकडे कॅमेरामन. आजऱ्याजवळच्या एका काजू कारखान्याचे ते कार्यालय होते आणि मी त्या मंडळींचा दुभाषा होतो.

मालकांनी मोठ्या आपुलकीने विचारले, “सर, मूळ गाव कुठलं म्हणायचं तुमचं?”

“कोल्हापूर. कळंब्याला घर आहे.”

“ते ऱ्हायला झालं. मूळ?”

मी गावाचे नाव सांगितले. ते कारखान्यापासून फार दूर नव्हते.

“आरं वा! म्हणजे शेजारचंच की! मग कुणापैकी तुम्ही?”

आमच्या भागात हा प्रश्न प्रेमाने विचारतात. जेवायला वाढून विचारतात, मुलीचे स्थळ बघताना विचारतात, एसटीत शेजारी बसलेला पाहुणाही विचारतो. अर्थ एकच असतो. जात सांगा. मी आडनाव सांगितले. माझे आडनाव चार जातींत सापडते, आणि त्या आडनावाच्या आडोशाला मी कोल्हापुरात माझे सारे प्रौढ आयुष्य काढले आहे. पण मालक त्या मुलखाचे होते.

“खालची आळी का वरची?”

“खालची,” मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हलले नाही. फक्त हात पुढे आला. माझ्यासमोरची बिस्किटांची बशी त्यांनी उचलली आणि कॅमेरामनसमोर ठेवली. मग त्याच सुरात म्हणाले, “चा झाला की कप तेवढा भाईरच्या नळावर इसळून ठेव. बायका हाईत तिथं, दावतील तुला.”

सर गेले. तुम्ही गेले. एक घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला.

दिग्दर्शिकेने उत्सुकतेने विचारले, ते काय म्हणाले?

मी माझ्या स्वच्छ इंग्रजीत सांगितले, “ते माझ्या घरच्यांची चौकशी करताहेत. आमची गावे शेजारशेजारची आहेत.”

“किती सुंदर!” ती म्हणाली.

मी चहा संपवला आणि कप विसळायला बाहेर गेलो.

माझा व्यवसाय सांगायला हवा. मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. त्याखेरीज परदेशी वाहिन्यांची मंडळी जिल्ह्यात माहितीपट करायला येतात, तेव्हा त्यांच्यासाठी दुभाष्याचे काम करतो. पूर आला की ते येतात. कुस्तीसाठी येतात, गुऱ्हाळासाठी येतात, चपलांसाठी येतात. जगाच्या पडद्यावर आमचा जिल्हा जेवढा बोलला, त्यातला बराचसा माझ्या तोंडून बोलला. चांगला दुभाषा काचेसारखा असतो, असे मी वर्गात सांगत असे. पलीकडचे सगळे दिसावे, काच दिसू नये. मला या वाक्याचा अभिमान होता. काच कुणाच्या बाजूला तोंड करून बसवलेली आहे, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही.

नळावर बायका डबे धूत होत्या. त्यांत आक्का होती.

आक्का माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी. माझी आई शेतावर मजुरीला जायची, तेव्हा मला सांभाळायची ती आक्काच. शाळेच्या वाटेवर ओढा लागायचा. पावसाळ्यात मला खांद्यावर घेऊन तो ओढा तीच पार करायची, आणि मग पलीकडच्या काठावरून परत फिरायची. तिची शाळा काठावरच संपली होती. ती या कारखान्यात काजूबी फोडते हे मला ठाऊक होते. पण चित्रीकरणासाठी हाच कारखाना निवडला गेला, त्यात माझा हात नव्हता. असता, तर मी दुसरा निवडला असता.

तिने माझ्या हातातला कप पाहिला आणि ती खळखळून हसली.

“तुला बी भाईर काढलं व्हय रं?”

मी आजूबाजूला पाहिले. दिग्दर्शिका दारात आली होती.

“आक्का,” मी हळू आवाजात म्हणालो, “इथं ओळख दाखवू नको. कामाचा प्रश्न आहे.”

तिचे हसू एकदम थांबले नाही. दिवा मंद करतात तसे ते कमी होत गेले. ती बाजूला सरकली, नळ मला मोकळा करून दिला आणि म्हणाली, “बरं, सर.”

मालकांनी माझे ‘सर’ काढून घेतले होते. तिने ते मला दिले. दोन्हींपैकी जास्त काय लागले, ते मी आता सांगू शकतो. तेव्हा मात्र मला सुटल्यासारखे वाटले होते.

माहितीपटाचा विषय जगाच्या ताटातल्या अन्नामागचे हात हा होता. काजूबीच्या टरफलात एक तेल असते. बी फोडताना ते बोटांवर उडते आणि कातडी जाळते. बायका खोबरेल लावतात, राख चोळतात, पण ते तेल पोचायचे तिथे पोचते. बोटे काळी पडतात, सोलवटतात, पुन्हा कातडी धरतात, पुन्हा सोलवटतात. दिग्दर्शिका रांगेतून फिरत प्रत्येकीचे हात पाहत होती. आक्काच्या समोर ती थांबली. हिची मुलाखत घेऊ, म्हणाली.

आक्काला बी फोडायच्या यंत्रासमोरच बसवले. कॅमेरा लागला. मालक दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. दिग्दर्शिकेने मला सांगितले, तिला विचार, हात असे का झाले?

मी विचारले. “ताई, तुमचे हात असे कशामुळे झाले?”

‘ताई’ ऐकून तिने माझ्याकडे एकदा पाहिले. मग कॅमेऱ्याकडे पाहून ती बोलू लागली.

“ह्या त्यालानं झाल्यात. रेशनच्या दुकानात मशिनीवर आंगठा ठेवतो, तर मशीन म्हणतंय माणूसच न्हाय. म्हणून मी दोनदा गेलो मालकाकडं, हातमोजं द्या म्हणून. पैल्यांदा म्हणालं, बघू. दुसऱ्यांदा ह्या सगळ्या बायकांम्होरं म्हणालं, मेलेली जनावरं ओढलेलं हात तुमचं, त्यास्नी काजूचं त्याल काय करतंय? आसं म्हणालं. माझ्या आज्जानं वडली जनावरं, व्हय. गावानं वडाय लावली म्हणून वडली. पण ह्यो हात माझा हाय. जळतोय. हे सांगा तिकडं, त्यास्नी इचारा म्हणावं कुणीतरी.”

दारातून मालक हसले. “खोटं काय बोललो मी? जनावरं वडलेलंच हात हाईत की. त्यात एवढं काय मनाला लावून घ्याचं?”

कॅमेरा चालू होता. दिग्दर्शिका माझ्या तोंडाकडे पाहत होती. मालकांनीही माझ्याकडे पाहिले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “नीट सांगा हं, सर.”

सर परत आले होते.

मी कितीदा तरी स्वतःला विचारले आहे, की त्या क्षणी मला नेमकी भीती कशाची वाटली. मालक माझे काहीच बिघडवू शकत नव्हते. नोकरी त्यांच्या हातात नव्हती, घर त्यांच्या गावात नव्हते. भीती एवढीच होती, की आक्काचे वाक्य इंग्रजीत उच्चारायचे म्हणजे ‘मेलेली जनावरे’ हे शब्द माझ्या तोंडात येणार. दिग्दर्शिका विचारणार, म्हणजे काय? मग मला समजावून सांगावे लागणार. समजावताना ती माझ्याकडे बघणार. नळावर कप कोणी आणि का विसळला, ते तिला कळणार. मी तिच्या नजरेत दुभाषा उरणार नव्हतो, विषय होणार होतो.

मी म्हणालो, “ती सांगते, काम अवघड आहे, हात दुखावतात. पण आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनीच कष्ट केले आहेत. या हातांचा तिला अभिमान आहे.”

दिग्दर्शिकेचे डोळे भरून आले. तिने वाकून आक्काचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिला मिठी मारली. आक्का गोंधळली.

“काय म्हणतीया ही?”

“तुमचं कौतुक करतेय,” मी म्हणालो.

माहितीपट जगभर दाखवला गेला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने तो फोनवर लावला आणि सगळे भोवती जमले. सुरुवातीला अंधारात फक्त आक्काचे हात दिसतात आणि एका इंग्रज अभिनेत्रीचा खोल, धीरगंभीर आवाज म्हणतो, “आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनीच कष्ट केले आहेत.” शेवटही त्याच वाक्यावर होतो. सहकारी म्हणाले, “काय भाषा आहे हो! सामान्य बाईच्या तोंडी काव्य आहे.” मी मान हलवली. श्रेयनामावलीत माझे नाव आले, तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या.

काही काळाने मालकांनी ते वाक्य इंग्रजीत कारखान्याच्या फाटकावर रंगवून घेतले. मग पाकिटांवर छापले. एका भावाने बहिणीच्या तोंडातून काढलेला घास मालकांनी विक्रीला ठेवला होता, आणि हे फक्त मला ठाऊक होते. मी गप्प राहिलो. गप्प राहायला काहीच करावे लागत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे सुख असते.

मग वाहिनीने ती मालिका भारतीय भाषांत आणायचे ठरवले. मराठी आवृत्तीचे भाषांतर माझ्याकडेच आले.

या कामाची एक रीत आहे. परदेशी माहितीपटात माणूस आपल्या भाषेत बोलू लागतो. सुरुवातीचे दोन-तीन शब्द मोकळे ऐकू देतात, मग त्यांवर इंग्रजी आवाज चढतो. मूळ आवाज पूर्ण बंद करत नाहीत, दाबतात. त्यामुळे प्रेक्षकाला खरेपणा वाटतो. आता या माहितीपटाची मराठी आवृत्ती करायची, तर मराठीच बोलणाऱ्या बाईच्या तोंडी कोणते शब्द घालायचे? रीत अशी, की मंजूर झालेल्या इंग्रजी संहितेवरून पुन्हा मराठी करायचे. मूळ बाई काय बोलली, ते कुणी ऐकत नाही. कारण ऐकू शकणारी माणसे त्या साखळीत सहसा नसतातच.

मी होतो.

कळंब्याच्या घरात, दुपारी, खिडकीपाशी बसून मी कानांना हेडफोन लावले. इंग्रजी आवाज सुरू झाला. आणि त्याच्या खालून, पाण्याखालून यावा तसा, आक्काचा आवाज आला. “…मशीन म्हणतंय माणूसच न्हाय…” वर अभिनेत्री अभिमान सांगत होती. खाली आक्का जळत होती. मी तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा. प्रत्येक वेळी तिचे बोलणे चालूच असताना इंग्रजी संपत होते, आणि मग चित्रच कापले होते. “त्यास्नी इचारा म्हणावं” यातला ‘इचा’ तेवढा उरला होता. पुढचे सगळे कात्रीत गेले होते.

मला संहितेत लिहायचे होते, ‘आमच्या हातांना कष्टाची परंपरा आहे.’ मी ‘आमच्या’ लिहिले. पुढे हात चालला नाही. इंग्रजीत मी तिच्यापाठीमागे खोटे बोललो होतो. मराठीत ते तिच्या तोंडावर बोलायचे होते. तिच्याच गावात, तिच्या शेजारणींसमोर, तिच्याच ओठांतून.

रविवारी मी गावाला गेलो. आक्का दारात बसून बोटांना खोबरेल लावत होती. मला पाहून ती उठली नाही.

“या सर. बसा.”

मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळे सांगितले. ती काय बोलली होती, मी काय सांगितले, जगाने काय ऐकले. फाटकावर काय लिहिले आहे तेही सांगितले. ती रोज त्या अक्षरांखालून कामाला जात होती. तिला वाटे, कंपनीचे नाव आहे.

तिने उरलेले खोबरेल दुसऱ्या हाताला चोळले.

“मला तवाच वाटलं हुतं,” ती म्हणाली. “मी एवढं लांबडं बोललो, आन् तू दोन घासात गिळून मोकळा झालास. म्हटलं, इंग्रजी आखूड आसंल. शिकलेल्या लोकांची भाषा, थोडक्यात हुत आसंल त्यांचं.”

माझे डोळे भरले. मी काही बोलायला गेलो.

“रडू नगंस,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक कठीण होते. “तुझं रडणं घिऊन मी काय करू? मला वाटलं हुतं, जगात कुणीतरी बघंल, आन् मालकाला इचारंल, बाबा आसं का बोललास. एवढ्यासाठी बोललो मी. हातमोजं तर अजून न्हाईत. ती फोटू काढाय आलेली गोरी बाय मला गळामिठी मारून गेली. मिठी मारावी आसं मी काय सांगिटलं हुतं, त्योच इचार करत बसलो मी कितीतरी दिस.”

मग तिने मान वर केली.

“आता मराठीत बी मी अभिमानच सांगणार हाय व्हय?”

“नाही,” मी म्हणालो.

“सांगशील ते मग बघू,” आक्का म्हणाली. “जा आता. शेवटची गाडी जाईल.”

घरी येऊन मी संहिता लिहिली. तिचा प्रत्येक शब्द, तिच्या बोलीत, जसाच्या तसा. मालकांचे दारातले वाक्यही. सोबत एक निवेदन जोडले. त्यात लिहिले, की चित्रीकरणाच्या वेळी दुभाषा मी होतो, मी जाणूनबुजून खोटे भाषांतर केले, ही बाई माझी चुलत बहीण आहे, आणि इंग्रजी आवृत्तीही दुरुस्त करावी.

मुंबईहून वाहिनीच्या भाषाविभागाच्या समन्वयक बाईंचा व्हिडिओ कॉल आला. अतिशय सभ्य बाई. त्यांचे मराठी इतके नितळ होते, की मला माझी खुर्ची नीट करून बसावेसे वाटले.

“सर, तुमच्या भावना मी समजू शकते,” त्या म्हणाल्या. “पण मराठी आवृत्ती इंग्रजीशी जुळायला हवी ना? इंग्रजी कायदेशीररीत्या मंजूर झालेली आहे.”

“इंग्रजी खोटी आहे. ती मीच तयार केली आहे.”

“हो, ते तुमचं निवेदन मी पुढे पाठवलंय. पण तोवर आपल्याला तारीख पाळायचीय. आणि दुसरं म्हणजे, बाईंची भाषा. त्या बाई असून ‘मी गेलो’, ‘मी बोललो’ असं म्हणतात. प्रेक्षक हसतील, सर. जरा स्वच्छ करून द्याल का?”

“आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मॅडम. माझी आई असंच बोलायची.”

हे मी कोल्हापुरात कधीच कुणाला सांगितले नव्हते. त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. त्या गोड हसल्या.

“मग असं करूया का, हा भाग आम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. तुम्हाला त्रास नको.”

कॉल संपला. मी काम नाकारले होते, आणि त्याने काहीही बदलले नव्हते. खोटे आता माझ्यावाचूनही चालू शकत होते. ते मी इतके चांगले घडवले होते.

मराठी माहितीपट प्रसारित व्हायचा होता, त्या दिवशी मालकांनी कारखान्यात मोठा टीव्ही बसवला. सगळ्या बायकांना थांबवून घेतले. सामोसे आणि पेढे आणले. मला त्यांचा स्वतःचा फोन आला. “सर, तुम्हीच प्रमुख पाहुणं. तुमच्यामुळं आमचा माल परदेशात पोचला. नाही म्हणायचं न्हाय.”

मी गेलो. मला पहिल्या रांगेत खुर्ची होती. आक्का मागे, चटईवर, बायकांच्यात.

पडद्यावर ते हात आले. बायका ओरडल्या, “आक्का! आक्का तुझं हात!” मग आक्काचा चेहरा आला, ओठ हलले, आणि त्यातून एक घासलेला, पुण्यामुंबईकडचा आवाज बाहेर पडला. “आमच्या हातांना कष्टाची परंपरा आहे. या हातांचा मला अभिमान वाटतो.”

मग हास्याचा स्फोट झाला.

“आगं बया, आक्का! नरडं कुठं बदलून आणलंस?”

“पुण्याला दिली की काय आक्काला!”

“परंपरा म्हणं! आगं, हातमोजं म्हणाली हुतीस न्हवं तू?”

तिच्या शेजारी बसणाऱ्या एका तरुण बाईने हे शेवटचे विचारले. हसू विरत गेले. ज्या बायका त्या दिवशी शेडमध्ये होत्या, त्यांना आठवू लागले. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या, मग आक्काकडे. आक्का कुणाकडेच पाहत नव्हती. ती माझ्या पाठीकडे पाहत होती. मी वळलो नाही, तरी ते मला कळत होते.

मी उठलो. टीव्हीचा आवाज बंद केला.

“ती हे बोलली नाही,” मी म्हणालो. “तिने हातमोजे मागितले होते. ते मागितल्यावर मालक म्हणाले, मेलेली जनावरं ओढलेले हात तुमचे, त्यांना काजूचं तेल काय करतंय. हे तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. मालक दारात उभे राहून हसले आणि म्हणाले, खोटं काय बोललो. तेही कॅमेऱ्यासमोर. भाषांतर मी करत होतो. मी ते वाक्य गिळलं आणि अभिमान माझ्या पदरचा घातला.”

“सर,” मालक उठले, “चाललंय काय हे? खाली बसा.”

मी उभा राहिलो.

“आरं ए! खाली बस म्हणतोय न्हवं मी?”

“बसणार न्हाई,” मी म्हणालो. माझ्या तोंडून ते ‘न्हाई’ किती वर्षांनी निघाले, मला सांगता येणार नाही.

मागून आक्काचा आवाज आला. मला आधार देणारा नाही. तपासणी करणारा.

“पुढचं बी सांग की. का गिळलंस ते.”

मी बायकांकडे तोंड केले. हे सगळ्यांत अवघड होते. मालकांना दोष देताना माझा आवाज सापडला होता. आता तो पुन्हा जाऊ लागला.

“ही माझी आक्का हाय,” मी म्हणालो. “सख्ख्यापरास सख्खी. त्या दिवशी नळावर मी तिला म्हणालो, ओळख दाखवू नको. मालकांनी मला सर म्हणावं म्हणून मी तिला परकी केली.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “शिकून हेच केलंस व्हय रं लेकरा?” तिने विचारले ते खरे होते. मग एकेक बाई उठून बाहेर चालू लागली. पेढ्यांचे ताट तसेच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आक्काला आणि बाहेर पडताना तिच्या बाजूने बोललेल्या दोघींना कामावर येऊ नका, असा निरोप आला. माझ्या धैर्याची पहिली किंमत पुन्हा तिनेच दिली, हे मला इथे नोंदवले पाहिजे. पडद्यासमोर उभा राहिलेला माणूस म्हणून कुणी माझी पाठ थोपटली, तर हे त्याने आधी वाचावे.

आक्काने पोलिसांत, ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार दिली आहे. अर्ज द्यायला मी तिच्याबरोबर गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारले, मालक बोलले तेव्हा ऐकणारे कोण होते? बायका आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणी अजून तिथेच कामाला आहेत. त्यांना घरी चूल आहे. कुणाकडे मी बोट दाखवू शकत नाही. वाहिनीकडे मूळ चित्रफीत मागितली आहे. त्यांच्या कायदेविभागाचे उत्तर आले, की विनंतीचा विचार चालू आहे. जगातल्या अन्यायाला वाचा फोडणारी ती वाहिनी आहे, असे तिच्या जाहिरातीत अजूनही म्हणतात.

मालकांचा माणूस कळंब्याला येऊन गेला. खुर्चीवर बसून, पाणी पिऊन, नम्रपणे म्हणाला, “सर, तुम्ही एवढं शिकलेलं. एका चेष्टेच्या शब्दासाठी आमच्या मालकावर ती कलमं? आणि कोर्टात उलटं तुम्हालाच इचारतील की, तवा खोटं का बोलला म्हणून. तुमचीच अब्रू जाईल.”

तो खरे बोलत होता. महाविद्यालयात कुजबुज सुरू झाली आहे. ज्या दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांतला एक आता माझ्याशी फार जपून बोलतो, आजाऱ्याशी बोलावे तसा. शेजारच्या काकूंनी पत्नीला विचारले, “तुम्ही आधी कधी बोलला नाहीत?” परदेशी मंडळींकडून येणारी कामे थांबली आहेत. खोटा दुभाषा कोण ठेवील? तेही योग्यच आहे.

आक्काने मला क्षमा केलेली नाही. मी मागितलेलीही नाही. क्षमा मागणे म्हणजे तिच्याकडून पुन्हा काहीतरी घेणे, एवढे मला आता समजते. परवा ती फोनवर एवढेच म्हणाली, “माघारी फिरणार असशील तर आत्ताच सांग. मी दुसरं कोण बघतो.”

“फिरणार नाही,” मी सांगितले.

ती फोन ठेवून मोकळी झाली. विश्वास ठेवला की नाही, ते तिने सांगितले नाही.

मी साक्ष देणार आहे. मालक काय म्हणाले ते अक्षरशः सांगेन. माझ्या लबाडीबद्दल विचारतील, तेव्हा तीही अक्षरशः सांगेन. वकील मला खोटारडा ठरवील. मी म्हणेन, होय, होतो, आणि कशासाठी होतो तेही लिहून घ्या. माझी अब्रू जायची असेल तर ती भर कचेरीत जावी. मालकांचे वाक्य मात्र त्यांच्या नावासकट कागदावर चढल्याशिवाय मी त्या पिंजऱ्यातून खाली उतरणार नाही.